गौळणीतील भांडण

काशीच्या घाटांच्या रांगेत नारद घाटाला लागून असलेला, आज बहुधा राजा घाट या नावाने ओळखला जाणारा घाट पूर्वी अमृतराव घाट म्हणून प्रसिद्ध होता. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी तो दगडी बांधून काढला आणि तेथे अन्नछत्र घातले. लगतच्या नारद घाटाविषयी काशीत एक समजूत रूढ आहे. नवराबायकोने तेथे जोडीने स्नान करू नये. केल्यास संसारात कलह माजतो. नारदाच्या नावावरूनच ही समजूत निघाली असावी. आपण मराठीत ज्याला कळीचा नारद म्हणतो, त्याची कीर्ती गंगाकाठीही तीच आहे.

काही वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका सकाळी पैठणकडच्या यात्रेकरूंची एक नाव नारद घाटाला लागत असता नावाड्याने ही समजूत सांगितली. नावेतील एक वृद्ध बाई तत्काळ म्हणाल्या, "भांडायला काय काशी लागती व्हय?" सारी नाव हसली; पण धोका कोणी पत्करला नाही. मंडळी थोडी पुढे सरकून अमृतरावांच्या पायऱ्यांवर उतरली. स्नाने आटोपल्यावर त्याच बाईंनी एक गौळण म्हटली. मथुरेच्या वाटेवर आडव्या येणाऱ्या कान्ह्याला यशोदेपुढे उभे करण्याची तीत धमकी होती, सासूची धास्ती होती आणि सांडलेल्या दह्याचा हिशेबही होता. खाली पाण्यात एक गवळी आपल्या म्हशी घाशीत होता. त्याला मराठी येत नसावे. त्याने मान वर करून पाहिलेही नाही.

त्या दिवसांत मी सोळाव्या शतकातील इटालियन गोपकाव्य वाचीत होतो. त्यातील मेंढपाळांची तक्रार आणि या बाईंच्या गौळणीतील तक्रार यांत काही मूलभूत अंतर आहे, हे त्या पायऱ्यांवर मला प्रथम जाणवले. दोन्हीकडे गुरे आहेत, रान आहे, पावा आहे, प्रेम आहे आणि त्या प्रेमाला विरोधही आहे. पण तो विरोध कोणाचा, आणि भांडण कोणाशी, हा प्रश्न विचारला म्हणजे दोन वाटा फुटू लागतात.

युरोपीय समीक्षा ज्याला मेंढपाळांचे काव्य म्हणते त्याला येथे गोपकाव्य म्हटले आहे. हे काव्य म्हणजे शांतीचे, निवांतपणाचे काव्य, असा एक समज आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतून रुजला आहे. मुळात तसे कधीच नव्हते. थिओक्रिटसचे गुराखी एकमेकांना चोर म्हणतात आणि मग गाण्याची पैज लावतात. व्हर्जिलच्या पहिल्याच गोपगीतात एक मेंढपाळ झाडाच्या सावलीत पावा वाजवीत बसला आहे खरा, पण दुसऱ्याची जमीन सैनिकांना वाटून दिल्यामुळे तो आपल्या शेळ्या हाकीत देशोधडीला निघाला आहे. सावली आणि परागंदा होणे यांची ही जोडी गोपकाव्याच्या जन्मापासूनची आहे.

इटालियन भाषेत प्रेमाच्या भांडणाचा सर्वांत जुना आणि सर्वांत जिवंत नमुना तेराव्या शतकातला, सिसिलीतला आहे. चिएलो दाल्कामो या कवीच्या नावावर असलेले ते दीर्घ संवादगीत 'कोन्त्रास्तो' या प्रकारात मोडते, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी झगडा असा आहे. काटेकोरपणे पाहता ते गोपकाव्य नव्हे. तथापि वाटेवर गाठलेल्या मेंढपाळणीशी होणाऱ्या संवादांची जी गीते त्या काळी दक्षिण युरोपभर गाइली जात, त्यांचे ते सख्खे भावंड आहे. एक पुरुष एका स्त्रीची आर्जवे करतो आणि ती कडव्यामागून कडव्यात त्याला झिडकारते. आपले नातलग तुला पकडतील, अशी ती धमकी देते. त्यावर हा प्रियकर प्रेमाची नव्हे, कायद्याची भाषा बोलतो. मी बादशहाच्या नावाने दोन हजार सुवर्णनाण्यांच्या दंडाचे संरक्षण पुकारीन, मग मला कोण हात लावतो ते पाहू, असे तो म्हणतो. दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ मध्ये जे कायदे केले त्यांत हे संरक्षण होते आणि ते नाणेही त्याच वेळचे. म्हणूनच अभ्यासक हे गीत १२३१ नंतरचे ठरवतात. एका प्रेमगीताची तिथी दंडाच्या रकमेवरून ठरावी, यातच त्या गीताचे स्वरूप कळते. शेवटी ती स्त्री त्याला बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला सांगते, तर त्या गृहस्थाजवळ ते पुस्तकही तयारच असते. चर्चमध्ये पाद्री नसताना त्याने ते उचलून आणलेले असते! नातेवाईक, दंड, नाणे, चोरलेले धर्मपुस्तक, असा सगळा बाजार या प्रेमात हजर आहे.

आता यानंतरची तीनशे वर्षे ओलांडून फेरारा येथील दरबारात यावे. मधल्या काळात जाकोपो सान्नाझारोचा 'आर्केडिया' हा गद्यपद्यमिश्र ग्रंथ १५०४ मध्ये प्रसिद्ध होऊन साऱ्या युरोपला मेंढपाळांच्या एका काल्पनिक देशाचे वेड लागले होते. १५७३ च्या उन्हाळ्यात पो नदीतील बेल्व्हेदेरे नावाच्या बेटावर, फेराराच्या ड्यूकच्या दरबाराच्या करमणुकीसाठी तोर्क्वातो तासो याचे 'आमिन्ता' हे गोपनाट्य झाले. आमिन्ता हा मेंढपाळ सिल्व्हिया या शिकारी वनकन्येवर प्रेम करतो. तिला प्रेम नको आहे. एक वनचर राक्षस तिला झाडाला बांधतो. आमिन्ता तिला सोडवतो, पण ती आभारसुद्धा न मानता पळून जाते. पुढे ती लांडग्यांच्या तोंडी पडल्याची खोटी वार्ता ऐकून तो कड्यावरून उडी घेतो, वाचतो, आणि तिचे मन पालटते. कथा एवढीच. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे पहिल्या अंकाच्या शेवटचे वृंदगीत. सुवर्णयुग थोर होते, ते नद्यांतून दूध वाहत होते म्हणून नव्हे, तर तेव्हा 'मानमर्यादा' नावाची निष्ठुर वस्तू जन्माला आली नव्हती म्हणून, असे ते गीत सांगते. जे मनाला रुचेल ते तेव्हा विहित होते. सोळा-सतरा वर्षांनी ग्वारिनीने 'पास्तोर फिदो' या आपल्या गोपनाट्यात तासोला उत्तर देताना हाच क्रम उलटा फिरवला आणि विहित असेल तेवढेच रुचू द्यावे असे बजावले. इटालियन गोपकाव्यातला वादाचा मुद्दा या दोन वाक्यांत सामावला आहे.

सिसिलीच्या त्या झगड्याची आठवण ठेवून हे वाचले तर एक गोष्ट नजरेत भरते. सिल्व्हियाला नातलग आडवे येत नाहीत. तिला बाजारात जायचे नाही. तिच्या घरात सासू नाही, खरे म्हणजे घरच नाही. तिचा विरोध तिच्या अंतःकरणात आहे, आणि आमिन्ताचे दुःखही त्याच्या अंतःकरणातच आहे. भांडण माणसांतून उठून भाववाचक नामांत जाऊन बसले आहे. इच्छा एका बाजूला, मान दुसऱ्या बाजूला. हे स्वाभाविकच होते, कारण हे मेंढपाळ म्हणजे मेंढपाळांचा वेश घातलेले दरबारी होते, आणि दरबारात मानमर्यादेइतका खरा शत्रू दुसरा नव्हता. तासोला तो पुढे चांगलाच भेटला. ज्या ड्यूकच्या करमणुकीसाठी त्याने सुवर्णयुगाचे गीत लिहिले, त्याच ड्यूकच्या हुकुमाने तो १५७९ पासून १५८६ पर्यंत सान्त आन्ना येथील वेड्यांच्या रुग्णालयात कोंडलेला होता.

बेल्व्हेदेरे बेटावरील त्या प्रयोगानंतर तीनचार महिन्यांनी, १५७३ च्याच कार्तिकी पौर्णिमेस, काशीत गंगेच्या काठी एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका पूर्ण केली. त्याआधी दोन वर्षे, शके १४९३ च्या रामनवमीस, म्हणजे १५७१ मध्ये, त्यांचे 'रुक्मिणीस्वयंवर' याच नगरीत पुरे झाले होते. पो आणि गंगा यांचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. फेराराच्या दरबाराला पैठण ठाऊक नव्हते आणि नाथांना फेरारा. तरी एकाच वर्षी दोन नद्यांच्या काठी दोन कवी प्रेम आणि मर्यादा या एकाच प्रश्नाशी झटत होते, हे विसरणे कठीण जाते.

नाथांच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष वाटते. भागवतातील गोपींचा सारा खेळ दशम स्कंधात आहे. काशीच्या पंडितांसमोर नाथांनी टीकेसाठी निवडला तो एकादश स्कंध. त्यात उपदेश आहे, उद्धवाचे प्रश्न आहेत, गोपींच्या प्रेमाचा उल्लेख आला तर तो आठवणीसारखा येतो. दशम स्कंधातून त्यांनी घेतले ते रुक्मिणीहरण, आणि तेथे प्रेम रथावर बसून येते. मागे रुक्मी आणि शिशुपाल शस्त्रे घेऊन धावत असतात. बाकीचा दशम स्कंध, म्हणजे दही, लोणी, वेणू, वाट अडवणे, हा त्यांनी गौळणींतून लोकांच्या हाती दिला. गौळण त्यांच्याआधीही होती. ज्ञानदेव-नामदेवांच्या नावावर गौळणी आहेत, आणि महानुभाव पंथात तर तेराव्या शतकातच महदाइसेने कृष्णरुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले. तरीही गौळणीला घरदार दिले ते नाथांनी.

घरदार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. नाथांच्या एका गौळणीत राधेला पाहून हरी भुलतो आणि बैलाचे दूध काढायला बसतो. हरीला पाहून राधा भुलते आणि रिकामा डेरा घुसळत राहते. प्रेमाने वेड लागते, हे इटालियन कवीही सांगतात. पण तेथे वेडा झालेला मेंढपाळ झाडांच्या सालींवर नावे कोरतो. येथे वेड कळते ते काम चुकल्यामुळे. डेऱ्यात ताक नाही, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सासूला कळणार आहे. दुसऱ्या एका गौळणीत झोपलेल्या गवळ्याची दाढी आणि त्याच्या बायकोची वेणी यांची कृष्ण गाठ मारून ठेवतो, आणि ती गाठ घेऊन नवराबायकोला गोकुळभर हिंडावे लागते. दांपत्याच्या गाठीची इतकी धीट थट्टा आणि तीही एका संताने केलेली, फेराराच्या दरबाराला झेपली असती की नाही कोण जाणे.

गौळणीचे भांडण कोणाशी आहे, हे येथे दिसू लागते. ते नावागावाच्या माणसांशी आहे. वाट अडवणाऱ्या कृष्णाशी आहे, घरी जाब विचारणाऱ्या सासूशी आहे, पोराला आवर न घालणाऱ्या यशोदेशी आहे. आणि या भांडणाला एक न्यायासनही आहे. गोपी जी गाऱ्हाणी घेऊन जातात, ती राजाकडे नव्हे, देवाकडेही नव्हे, देवाच्या आईकडे. अपराधी देव, फिर्यादी गवळणी आणि न्यायाधीश त्याची आई, अशी ही बायकांची कचेरी आहे. निकाल अर्थात कधीच लागत नाही, कारण न्यायाधीशाचे आरोपीवर प्रेम आहे आणि फिर्यादींचेही आहे. पण फिर्याद दाखल होते, ती उघड्या अंगणात ऐकली जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखल होते.

यातील अवघड जागा टाळून चालणार नाही. या गौळणी बहुतांशी पुरुषांनी लिहिल्या आहेत. वाटेवर एकट्या स्त्रीला अडवणे, तिची घागर फोडणे, तिचा पदर धरणे या गोष्टी गोड म्हणून गाइल्या जातात. तिचा नकार खरा असतो की नकाराचा केवळ अलंकार, हा प्रश्न आजच्या वाचकाने विचारला तर त्याला अरसिक म्हणून गप्प बसवता येणार नाही. सिसिलीतल्या त्या झगड्यातही नकाराचा शेवट होकारात होतो, आणि सिल्व्हियाचेही मन अखेर पालटतेच. या बाबतीत कोणत्याच परंपरेचे हात स्वच्छ नाहीत. माझे म्हणणे एवढेच की गौळणीने तिच्या तोंडचे शब्द काढून घेतले नाहीत. ती बोलते, खूप बोलते, आणि हिशेबाने बोलते.

हे बोलणे सर्वांत मोठ्याने ऐकू येते ते तमाशात. गण झाला की गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींचा घोळका, त्यांच्या पुढे मावशी, आणि वाटेत पेंद्याला घेऊन उभा असलेला कृष्ण. कृष्ण दाण मागतो. म्हणजे वाटेचा कर. मावशी विचारते, कसला कर, कोणाच्या हुकुमाचा? मावशीचे काम पुरुषच करतो, डोक्यावरून उपरणे घेऊन, बहुधा मिशांसकट. पुरुषाच्या तोंडून, बाईच्या वेशात, देवाला आणि देवाच्या आडून गावातल्या प्रत्येक कर वसूल करणाऱ्याला हे प्रश्न विचारले जातात. प्रेमगीताच्या मध्यभागी कराचा वाद! दोन हजार सुवर्णनाण्यांच्या दंडाची गोष्ट सांगणारा तो सिसिलियन प्रियकर या रंगभूमीवर मुळीच परका वाटला नसता. तासोचा आमिन्ता मात्र मावशीपुढे अर्धा प्रवेशही टिकला नसता.

उत्तर पेशवाईत तमाशा आणि लावणी यांना जो बहर आला त्याचे श्रेय आणि दोष दोन्ही दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी घातले जातात. अमृतराव हे त्याचे दत्तकपणाने थोरले भाऊ. १८०२ च्या दिवाळीत हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळाला, आणि होळकरांनी अमृतरावांना पुण्यास आणून कारभार त्यांच्या हाती दिला. तो काही महिनेच टिकला. १८०३ मध्ये इंग्रजांशी करार होऊन अमृतरावांना वर्षाला सात लाखांची नेमणूक मिळाली, आणि पुण्याच्या गादीचा नाद सोडून ते उत्तरेत गेले. काशीत त्यांनी दानधर्म किती केला याचे वर्णन बिशप हेबर याच्या १८२४ च्या प्रवासवृत्तात आहे. शहराबाहेरील एका बागेच्या तीन दरवाजांतून तीन प्रकारच्या याचकांना आत घेत आणि पुन्हा कोणी दुसऱ्यांदा मागू नये म्हणून दिवसभर सावलीत बसवून ठेवीत, असे तो लिहितो. त्याच वर्षी अमृतराव वारले. एका भावाचे नाव लावणीला चिकटले, दुसऱ्याचे घाटाला. पुण्यातील भाऊबंदकीचा एक धागा असा गंगेच्या पायरीपर्यंत येऊन पोचला आहे, आणि त्याच पायरीवर बसून गौळण ऐकताना तो आठवला तर त्यात नवल नाही.

या काळातील ज्या कवीचे नाव येथे आवर्जून घ्यावयास हवे तो होनाजी. तो जातीने गवळी होता. त्याचा जोडीदार बाळा करंजकर शिंपी. गोपकाव्याच्या साऱ्या जागतिक इतिहासात ज्याच्या घरी खरोखर दुधाचा धंदा आहे असा नामांकित कवी विरळा. आर्केडियातल्या कोणा कवीने कधी धार काढली असेल असे वाटत नाही. होनाजीची कृष्णाला उठवणारी भूपाळी महाराष्ट्रात घरोघरी पोचली ती विशेषतः १९५१ च्या 'अमर भूपाळी' या बोलपटामुळे. त्या चालीच्या गोडीत तिच्यातला एक तपशील सहज निसटतो. तेथे देवाला उठवायचे ते पूजा घेण्यासाठी नव्हे; भांडे घेऊन धार काढण्यासाठी. गाई हंबरत आहेत, वासरे वाट पाहत आहेत, गोपी सडासंमार्जन करून पाण्याला निघाल्या आहेत, आणि कापडी तीर्थाच्या वाटेला लागला आहे. पहाटेच्या या यादीत देव एक कामकरी आहे. असे लिहायला गवळीच हवा होता.

आपल्या समीक्षेने या साऱ्याचे काय केले? म. वा. धोंड यांच्या 'मऱ्हाटी लावणी'ने १९५६ मध्ये लावणीला वाङ्मयविचारात बसायला पाट दिला. गौळण मात्र दोन पाटांच्या मध्ये राहिली. संतवाङ्मयाचा इतिहासकार अभंग आणि टीका यांवर रमतो आणि गौळणीला एक परिच्छेद देतो. शाहिरी वाङ्मयाचा अभ्यासक तिला तमाशाचा उंबरठा समजून ओलांडतो. जे थांबतात ते बहुधा रूपक सोडवण्यासाठी. गोपी म्हणजे जीव, घागर म्हणजे देहाभिमान, मथुरेचा बाजार म्हणजे संसार, आणि घागर फुटणे म्हणजे मुक्ती. हे रूपक खोटे नाही. नाथांनी ते स्वतः घातले आहे, आणि कडव्याच्या शेवटी जनार्दनाचे नाव आले की अर्थाची दिशा बदलते हेही खरे. पण रूपकाला जोर येतो तो घागर आधी घागर असेल तर. तिच्यात दही असले पाहिजे, ते दही विकून घरी काही यावयाचे असले पाहिजे, आणि ती फुटली तर रात्री कोणाची तरी बोलणी बसली पाहिजेत. हे नुकसान वजा केले की मुक्ती फुकट मिळते, आणि फुकटच्या मुक्तीत नाथांना रस होता असे त्यांच्या चरित्रावरून तरी दिसत नाही. रूपक सोडवणारा टीकाकार नकळत तेच करतो जे सासू करते. तो गवळणीला सांगतो की तुझी तक्रार ही तक्रार नव्हेच.

ज्यांच्या कथेत गुरांचा वास उघड उघड येतो अशा दुसऱ्या एका मराठी गीतपरंपरेने हे कधी होऊ दिले नाही. जेजुरीच्या खंडोबाला दोन बायका: म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. सारीपाटात हरलेला देव घर सोडून जातो आणि बाणाईच्या बापाच्या वाड्यावर मेंढरे राखायला राहतो, अशी कथा वाघ्या-मुरळी गातात. देव मेंढपाळ होतो तो प्रेमासाठी, आणि बाणाईला घेऊन घरी परतल्यावर भांडण पेटते. म्हाळसा बाणाईच्या अंगाला येणाऱ्या मेंढरांच्या वासावर बोलते. बाणाईही गप्प बसत नाही. जात, खाणे, वास, हक्क असे सगळे उकरून निघते. या भांडणाचा निकाल जेजुरीच्या डोंगरावर दगडात लिहिलेला आहे. गडावर म्हाळसा देवाबरोबर आहे, आणि बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर, पायऱ्यांच्या कडेला. गुंथर सोन्थायमर या जर्मन संशोधकाने धनगरांच्या दैवतांचा जो अभ्यास केला, त्याने या कथांमागील पशुपालक आणि गावकरी यांचे जुने वैर आणि जुनी सोयरीक उलगडून दाखवली. दोन समाज एकमेकांशी बांधले जातात तेव्हा त्यांच्यात भांडणाचीही एक रीत ठरते. सवतींची गाणी ही ती रीत आहे.

इटलीला मी येथे उणे लेखतो आहे असे कोणाला वाटू नये. तेथील खेड्यांनीही भांडण सोडले नव्हते. तोस्कानाच्या लोकगीतांत प्रेमाच्या कडव्यांना आदराचे नाव आहे आणि डिवचणाऱ्या कडव्यांना अनादराचे. 'रिस्पेत्तो' आणि 'दिस्पेत्तो' ही जोडी एकाच तोंडातून निघते. तोम्मासेओने १८४१ पासून ही गीते छापली तेव्हा सुशिक्षितांना आपल्या भाषेत किती तिखट आहे ते कळले. दरबारी परंपरेतसुद्धा भांडण एका अनपेक्षित वाटेने परतले, ते संगीताच्या. ग्वारिनीच्या 'पास्तोर फिदो'मधील, निष्ठुर आमारिल्लीला उद्देशून मेंढपाळाने केलेला विलाप मोंतेव्हेर्दीने स्वरबद्ध केला. त्यात त्याने विसंवादी स्वर कोणतीही पूर्वतयारी न करता एकदम आणून आदळले. आर्तुसी नावाच्या शास्त्र्याने १६०० मध्येच, गीत छापून येण्याआधी, त्यावर कडक टीका केली. गीत १६०५ मध्ये पाचव्या संग्रहात प्रसिद्ध झाले. शास्त्राला खुपलेला तो स्वर म्हणजे मला तरी सिल्व्हिया आणि आमारिल्ली यांच्या घरातून हद्दपार झालेली सासूच वाटते. पुढे १६३८ मध्ये याच संगीतकाराने आपल्या आठव्या संग्रहाला युद्धाची आणि प्रेमाची गीते असे नावच दिले.

यानंतर मात्र उतार लागला. १६९० मध्ये रोममध्ये आर्केडिया नावाची अकादमी स्थापन झाली. तिच्या प्रत्येक सभासदाने एकेका मेंढपाळाचे नाव घ्यायचे, बागेत सभा भरवायची आणि सुरुचीचे रक्षण करायचे, असा नियम होता. कार्डिनल, वकील, प्राध्यापक सारे मेंढपाळ झाले. १७८७ मध्ये गटेलाही एक नाव मिळाले. एका अकादमीच्या पत्रिकेतच हे लिहिताना थोडा संकोच होतो, परंतु त्या शतकभरात इतक्या मेंढपाळांनी मिळून एकही मेंढरू गाण्यात आणले नाही, हे नमूद करणे भाग आहे. आपल्याकडे १९३० च्या आगेमागे जानपदगीतांची जी लाट आली, तिचाही पोत असाच होता. यशवंत, गिरीश, ठोकळ हे प्रामाणिक कवी. त्यांतील काहींना खेडे माहीतही होते. पण मोटेवरचा तो आणि न्याहारी घेऊन येणारी ती यांच्यामध्ये सावकार नव्हता, वाटणी नव्हती, सासूचा आवाज तर बांधापलीकडूनही येत नव्हता. नाथांची गौळण घरात असताना ही मंडळी आर्केडियाची वाट कशाला चालू लागली, हे कोडे मला सुटलेले नाही. शाळेत शिकलेली इंग्रजी कविता हे त्याचे एक उत्तर असू शकेल. संपूर्ण उत्तर ते नव्हे.

अमृतराव घाटावरील त्या सकाळीकडे पुन्हा येतो, कारण तेथे मी एका माणसावर अन्याय केला आहे. म्हशी घासणाऱ्या त्या गवळ्याचे स्वतःचे गीत आहे, आणि ते विरहावरून नाव पडलेले 'बिरहा' आहे. पूर्वेकडील अहीर गुरे चारताना जी दोन ओळींची गीते म्हणत, ती ग्रिअर्सनने १८८० नंतरच्या दशकात टिपून छापली. पुढे बिहारी गुरू या गायकाने काशीत त्या प्रकाराला दीर्घ रूप दिले, शिष्य तयार केले आणि आखाडे उभे राहिले. दोन आखाड्यांचे गायक समोरासमोर उभे राहतात आणि रात्रभर एकमेकांना गाण्यात हरवू पाहतात. विरहाच्या नावाचे गाणे दंगलीत गाइले जाते! आपल्याकडे कलगी आणि तुरा यांचे सवालजवाब याच जातीचे. शक्ती मोठी की शिव मोठा, हा वाद घालून थकत नाहीत आणि थकावे अशी कोणाची इच्छाही नसते. थिओक्रिटसच्या गुराख्यांची पैज शेणामातीसह जिवंत पाहायची असेल तर ती ग्रीक पुस्तकात शोधण्याची गरज नाही.

त्या दिवशी बाईंची गौळण लांबत चालली होती. वरच्या पायरीवरून त्यांच्या यजमानांनी दोनदा हाक मारली. नाव थांबायला तयार नव्हती. बाईंनी मान न वळवता हातानेच त्यांना थांबवले, गाऱ्हाण्याचे राहिलेले कडवे यशोदेपुढे पुरे मांडले, आणि मग ओले लुगडे पिळून त्या उठल्या.